बार्बेक्यू (मांस धुरावण्याची घरगुती पद्धत)

मांसाचे मोठे तुकडे मंद आचेवर, लाकडाच्या धुरात अनेक तास शिजवण्याची अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत, विशेषतः दक्षिणेकडील राज्यांत, रूढ असलेली पद्धत. आपल्याकडे शहरांत निखाऱ्यांवर सळईला लावून भाजलेल्या तुकड्यांनाही बार्बेक्यू म्हणतात. प्रस्तुत नोंदीत हा शब्द धुरावलेल्या मांसापुरताच घेतला आहे. मांस टिकवण्यासाठी द्यायच्या धुरीहून ही क्रिया वेगळी आहे. येथे मांस शिजते ते उष्णतेने. धूर मुख्यतः चव आणि रंग देतो.

शब्दाच्या उगमाविषयी मतभेद आहेत. कॅरिबियन बेटांवरील ताइनो लोकांच्या भाषेतून स्पॅनिशमध्ये आलेला ‘बार्बाकोआ’ हा त्याचा पूर्वज होय, हे मत सामान्यतः मान्य आहे. गोन्सालो फर्नांदेस दे ओव्हिएदो या स्पॅनिश इतिवृत्तकाराच्या सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धातील लेखनात हा शब्द आढळतो. मात्र बार्बाकोआ म्हणजे मुळात खांबांवर उभारलेला लाकडी माचा. त्यावर मांस भाजत, तसेच धान्यही साठवत. इंग्रज दर्यावर्दी विल्यम डॅम्पियर याने 1697 मध्ये हा शब्द झोपण्याच्या माच्यासाठी वापरला आहे. त्यामुळे शब्दाचा मूळ अर्थ पाकक्रियेचा नसून माच्याचा असावा, हे मत पुराव्याशी अधिक जुळते. ‘दाढीपासून शेपटापर्यंत’ अशा अर्थाच्या फ्रेंच शब्दसमूहावरून केलेली व्युत्पत्ती लोकप्रिय असली तरी निराधार आहे. पश्चिम आफ्रिकेतील हौसा भाषेशीही संबंध सुचवला गेला आहे. त्याला पुरेसा आधार नाही. परंतु ही पद्धत घडवण्यात आफ्रिकी वंशाच्या लोकांचा जो वाटा आहे, तो शब्दाच्या व्युत्पत्तीवर मुळीच अवलंबून नाही.

अठराव्या शतकात व्हर्जिनियात बार्बेक्यू हा सामुदायिक मेळावाच असे. जॉर्ज वॉशिंग्टन याच्या 1769 च्या रोजनिशीत अलेक्झांड्रिया येथील अशा मेळाव्याची नोंद आहे. जमिनीत लांब चर खणून, कठीण लाकडाचे निखारे करून त्यावर अख्खे जनावर भाजत. रात्रभर ती धग सांभाळणारे बहुधा गुलामगिरीतील कृष्णवर्णीय आचारी असत, आणि त्यांपैकी फारच थोड्यांची नावे उरली आहेत. पुढे मध्य टेक्ससमध्ये जर्मन व चेक खाटिकांच्या दुकानांतून गोमांस धुरावण्याची परंपरा रुजली. घरगुती साधनांत 1952 मध्ये शिकागोजवळ जॉर्ज स्टीफन याने बनवलेली झाकणाची गोल शेगडी महत्त्वाची आहे. तेलाच्या पिंपांपासून बनवलेल्या शेगड्याही प्रचलित आहेत.

धुराडीतील (मांस धुरावण्याच्या झाकणबंद शेगडीतील) तापमान साधारणतः 107 ते 121° से. ठेवतात. गोवंशाच्या छातीकडच्या मांसात (ब्रिस्केट) आणि डुकराच्या खांद्यात कोलॅजेन हे चिवट प्रथिन भरपूर असते. दीर्घकाळ उष्णता मिळाल्यावर त्याचे जिलेटिन होऊन चिवट मांस मऊ पडते. मांसाचे आतील तापमान 65 ते 75° से. दरम्यान पोहोचले की ते कित्येक तास वाढेनासे होते. चरबी वितळण्यात उष्णता खर्च होते असे पूर्वी सांगत; आता पृष्ठभागावरील पाण्याचे बाष्पीभवन हे मुख्य कारण मानले जाते. माठातले पाणी गार राहते ते याच तत्त्वाने. म्हणूनच या टप्प्यावर मांस जाड कागदात किंवा ॲल्युमिनियमच्या पत्रीत गुंडाळल्यास तापमान पुन्हा चढू लागते, पण वरचे काळे, खरपूस कवच थोडे मऊ पडते. कापलेल्या मांसाच्या कडेला दिसणारे गुलाबी वलय धुरातील नायट्रिक ऑक्साइड व मांसातील मायोग्लोबिन (मांसाला लाल रंग देणारे प्रथिन) यांच्या संयोगाने बनते. चवीशी त्याचा संबंध नाही.

लाकूड सुके व कठीण असावे. हिकरी, ओक आणि मेस्किट विशेष वापरात आहेत. मेस्किट हे आपल्याकडच्या वेड्या बाभळीचे जवळचे भावंड होय. धूर विरळ, निळसर हवा. दाट पांढऱ्या धुराने मांस कडवट होते.

मोठ्या पंगतीसाठी हिशेब कच्च्या मांसावर करून चालत नाही, कारण साफसफाई, वितळणारी चरबी व बाष्पीभवन यांत ब्रिस्केटचे वजन जवळपास निम्म्यावर येते. माणशी 200 ग्रॅम शिजलेले मांस धरल्यास 30 जणांना सुमारे 12 किलो कच्चे मांस, म्हणजे सहा किलोची दोन ब्रिस्केटे लागतात. वेळ एकूण वजनावर नव्हे तर प्रत्येक तुकड्याच्या जाडीवर ठरतो. त्यामुळे दोन तुकड्यांना दुप्पट वेळ लागत नाही, मात्र त्यांच्यामध्ये हवा खेळायला जागा हवी. तरीही दहा ते सोळा तास धरावेत आणि मांस जेवणाच्या बऱ्याच आधी तयार होईल असे पाहावे. आतील तापमान 95° से.च्या आसपास आले आणि सळई लोण्यात जावी तशी अलगद आत गेली की मांस उतरवतात व टॉवेलात गुंडाळून बर्फाच्या रिकाम्या पेटीत ठेवतात. तेथे ते 60° से.च्या खाली जाऊ देऊ नये. जंतूंची वाढ त्याखाली होते. कार्बन मोनॉक्साइडमुळे धुराडी बंद खोलीत वा गॅरेजमध्ये पेटवणे जिवावर बेतू शकते.

मांस वाढण्याच्या वेळीच, तंतूंना आडवे कापतात. ब्रिस्केटमध्ये दोन स्नायू असून त्यांचे तंतू वेगवेगळ्या दिशांनी जातात. म्हणून सपाट भाग संपून जाड भाग लागला की तुकडा काटकोनात फिरवून पुढे कापावा लागतो.