उंबराच्या पोटातली माशी

झाड दत्तगुरूंचे, पण फळ किडके! उंबराबद्दल आपली वागणूक थोडक्यात अशी आहे. नाशिकला गोदाकाठी औदुंबराला प्रदक्षिणा घालणारी माणसेच खाली पडलेला उंबर फोडतात, आतून बारीक काळपट कीटक भिरभिरत निघाले की नाक मुरडतात आणि हात झटकतात. ते कीटक नसते तर प्रदक्षिणा घालायला झाडही नसते.

उंबराला फूल येत नाही, असे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. फुले येतात आणि भरपूर येतात; फक्त ती एका बंद थैलीत, आतल्या बाजूला तोंड करून असतात. आपण जिला फळ म्हणतो ती ही थैली. तिच्या टोकाला एक चिमुकले दार असते आणि त्यावर खवल्यांची घट्ट झडप. मधमाशीला किंवा फुलपाखराला तिथून प्रवेश नाही. प्रवेश आहे तो गांधीलमाशीच्या दूरच्या नात्यातल्या, एक-दोन मिलिमीटरच्या एका कीटकाला. शास्त्रीय नाव सेराटोसोलेन फुसिसेप्स. आपण तिला उंबरमाशी म्हणू. वडाची माशी निराळी, पिंपळाची निराळी. पंचवटीतल्या वडांना उंबरमाशीचा काही उपयोग नाही.

आतली फुले तयार झाली की उंबर एक विशिष्ट गंध हवेत सोडतो. त्या गंधामागे मादी येते आणि झडपेतून आत घुसते. घुसताना तिचे पंख बहुधा तुटतात, मिशांचे तुकडे पडतात. परत फिरायची सोय उरत नाही. छातीवरच्या खास कप्प्यांत तिने मागच्या उंबरातून परागकण भरून आणलेले असतात. ते ती पायांनी काढून फुलांवर पसरते, काही फुलांत अंडी घालते आणि तिथेच मरते. अंडी पडलेल्या फुलांत माशा वाढतात, बाकीच्यांत बी धरते. झाडाने आपल्या बियांचा काही हिस्सा दलालीत दिला, असा हा व्यवहार आहे.

काही आठवड्यांनी आधी नर बाहेर येतात. त्यांना पंख नसतात. माद्या अजून आपापल्या फुलाच्या गाठीत असतानाच ते त्यांच्याशी मीलन करतात, मग उंबराच्या भिंतीला भोक पाडतात आणि त्यांचे आयुष्य संपते. माद्या पराग गोळा करून त्या भोकातून उडतात. त्यानंतर उंबर पिकून मऊ पडतो. म्हणजे फोडल्यावर आतून माशांचा थवा उडाला, तर तो उंबर सडका नसतो. आपण फोडायची घाई केलेली असते. (पुरंदरच्या अंजिरात हा सगळा मामला नसतो. ती जात परागीभवनाशिवायच फळते, त्यामुळे उपासाला अंजीर खाणाऱ्यांनी निश्चिंत असावे.)

जिथे व्यवहार तिथे लबाडी आलीच. दुसऱ्या जातींच्या काही माशा आत शिरण्याची तसदी न घेता, पराग न आणता, बाहेरूनच लांब सुईसारख्या अवयवाने उंबराची भिंत भेदून अंडी घालतात. केसापेक्षा बारीक सुई न वाकता आत जाते कशी? लक्ष्मीनाथ कुंडनाटी आणि नम्रता गुंडय्या यांनी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत हे तपासले आणि 2014 मध्ये प्रसिद्ध केले: सुईच्या टोकाला दाते असतात आणि ते जस्ताने कठीण झालेले असतात. कीटकाच्या अंगात जस्ताचा ड्रिल-बिट! याच संस्थेत रेनी बोर्जेस यांच्या गटाने उंबरावर वर्षानुवर्षे काम केले आहे. उंबराचा आणि माशांचा गंध ओळखून झाडावरच्या शिकारी मुंग्याही नेमक्या वेळी दबा धरतात, हे त्यांच्याच अभ्यासातले. झाडेही गाफील नसतात. पनामात वडकुळातल्या काही झाडांवर असे दिसले, की परागाविना आलेली माशी आत शिरली तर झाड ती फळेच गाळून टाकते, अंड्यांसकट.

आता अडचण अशी, की बाहेर पडलेली मादी जगते एक-दोन दिवस. जिथून ती निघाली त्या झाडावरची बहुतेक फळे एकाच वयाची, म्हणजे तिच्या कामाची नसतात. तिला दुसरे झाड हवे आणि ते नेमके त्याच दिवसांत फुललेले हवे. म्हणून एका परिसरातले सगळे उंबर एकदम फळत नाहीत. एकाचा बहर संपतो तेव्हा दुसऱ्याचा चालू असतो. माशीसाठी लागलेली ही सवय बाकीच्यांच्या पथ्यावर पडते. ऐन वैशाखात बाकी झाडे रिकामी असताना तांबट, कोकीळ, हरियाल, उदमांजर, वटवाघळे यांना कुठला ना कुठला उंबर सापडतो.

माशी स्वतः फार उडू शकत नाही, पण वाऱ्यावर चढते. नामिबियात नदीकाठच्या उंबराच्या भाऊबंदांवर झालेल्या अभ्यासात, 160 किलोमीटर दूरच्या झाडाचा पराग माशांनी आणल्याचे 2009 मध्ये सिद्ध झाले. या हिशेबाने नाशिक जिल्ह्यातले त्र्यंबक ते नांदूरमध्यमेश्वर हे अंतर किरकोळच. पण वाऱ्यावर निघालेल्यांतल्या बहुतेक वाटेतच मरतात, त्यामुळे झाडे पुरेशी असावी लागतात. 1990 साली संगणकावर मांडलेल्या एका गणितात माशीची वसाहत चार वर्षे टिकवायला शंभराच्या आसपास झाडे लागली.

आपली श्रद्धा एकेका झाडाला वाचवते. पार बांधते, कुऱ्हाड अडवते, हे मोलाचेच. ती नसती तर शहरात उंबर उरले नसते. पण तिला झाडांचे जाळे दिसत नाही. बिया पेरणाऱ्यांविषयी तर आपण कृतघ्नच. फलाहारी वटवाघळे वन्यजीव कायद्यात उंदीर-घुशींबरोबर उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होती. ती यादीच 2022 च्या दुरुस्तीने रद्द झाली.

झाडांच्या कायद्याचा हिशेबही आकड्यांचा आहे. महाराष्ट्रात 2021 पासून पन्नास वर्षांवरचे झाड तोडल्यास त्याच्या वयाइतकी रोपे लावावी लागतात. साठ वर्षांच्या उंबराबदली साठ रोपे आली, तरी त्यांना फळ धरायला वर्षे लागतात. तोवर माशीच्या साखळीतली एक कडी गळालेली राहते. सिंहस्थाच्या कामांत रस्ते रुंद होताना हे कोणी मोजत नाही. वृक्षगणनेत झाडाची जात, उंची, बुंध्याचा घेर लिहितात. नाशिकमधल्या नासर्डी आणि वाघाडी या गोदेच्या उपनद्यांच्या काठांवरच्या उंबरांपुढे आणखी एक रकाना घालायला फारसा खर्च नाही: कोणत्या महिन्यात कोणते झाड फळावर होते. शाळेतली मुलेही तो भरू शकतील. उंबर बुंध्यालाच लगडतो, वर चढावे लागत नाही.