कुलूप शाबूत, गुपित गायब

अमेरिकेत सरकारी गोपनीय कागद ठेवायला जी पोलादी कपाटं मान्य आहेत, त्यांतल्या ‘क्लास 6’ प्रकाराची कसोटी पहिल्यांदा वाचताना छपाईत काहीतरी चुकलंय असं वाटतं. कसलाही मागमूस न ठेवता हे कपाट उघडायला निष्णात माणसाला 20 तासांचं काम पडलं पाहिजे. तज्ज्ञाला दिसतील पण रोज वापरणाऱ्याच्या लक्षात येणार नाहीत अशा खुणा ठेवून उघडायचं झालं, तर 30 मिनिटं. आणि घण-पहार घेऊन सरळ फोडायचं असेल तर? त्याबद्दल अटच नाही. बँकेची तिजोरी बनवणाऱ्याला हे सांगितलं तर तो हसेल.

पण सोनं आणि गुपित यांत फरक आहे. सोनं चोरलं की जागा रिकामी दिसते. गुपित चोरलं तरी कागद जागच्या जागी असतो. फोडलेलं कपाट सकाळी कुणालाही दिसतं, मग सांकेतिक लिपी बदलता येते, योजना गुंडाळता येते, माणसं हलवता येतात. कुणाच्या नकळत वाचल्या गेलेल्या कागदावर मात्र इलाज नाही. गोपनीय माहिती ठेवणाऱ्या इमारतींसाठी गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत जे नियम झाले, त्यांच्या मुळाशी ही एकच धास्ती आहे: आपल्याला पत्ता लागणार नाही.

धास्ती अर्थातच जुनी. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात मसलतीच्या जागेबद्दल स्पष्ट सूचना आहेत. जागा बंदिस्त असावी, तिथलं बोलणं बाहेर झिरपू नये, पक्ष्यांनाही ती दिसू नये. कारण पोपट-मैनांनी, कुत्र्यांनी आणि इतर प्राण्यांनी मसलत फोडल्याचं ऐकिवात आहे, असं तो म्हणतो. गोष्ट षट्कर्णी झाली की फुटली, हे आपण अजूनही म्हणतो. ते सहा कान माणसांचेच असले पाहिजेत अशी त्याची समजूत नव्हती. युरोपात मध्ययुगात मौल्यवान दस्तऐवजांच्या पेटाऱ्यांना तीन-तीन कुलपं असत आणि किल्ल्या तीन वेगळ्या माणसांकडे, म्हणजे एकट्यादुकट्याला पेटारा उघडताच येऊ नये. आजच्या ‘दोघांच्या उपस्थितीतच उघडा’ या नियमाचं ते खापरपणजोबा.

कायदे बरेच नंतर आले. ब्रिटनच्या 1911 च्या गोपनीयता कायद्यात ‘निषिद्ध ठिकाण’ ही कल्पना आहे आणि भारतातल्या 1923 च्या कायद्यातही ती आहे. त्या ठिकाणाजवळ वाईट हेतूने फिरकणाऱ्याला काय शिक्षा करायची, हे कायद्याने सांगितलं. भिंत किती जाड हवी, हे सांगायची वेळ अजून आली नव्हती.

त्या काळातला सगळ्यांत नामांकित घोटाळा भिंत किंवा कुलूप तोडून झालाच नव्हता. 1894 साली पॅरिसमधल्या जर्मन वकिलातीत साफसफाई करणारी एक बाई लष्करी अधिकाऱ्याच्या टोपलीतले फाडलेले कपटे फ्रेंच हेरखात्याकडे पोचवत असे. त्या कपट्यांतून जुळवलेल्या एका चिठ्ठीवरून आल्फ्रेड ड्रायफस या निरपराध अधिकाऱ्याला शिक्षा झाली आणि फ्रान्स पुढची कित्येक वर्षं घुसळून निघाला. त्या प्रकरणाचं राजकारण सगळे सांगतात. इमारतीच्या दृष्टीने बघितलं तर त्यातून कळतं ते एवढंच, की टोपली हीसुद्धा कपाटच आहे. तिलाही पहारा लागतो.

कुलपांचा खरा धडा मिळाला दुसऱ्या महायुद्धात, अमेरिकेतल्या लॉस अलामॉसमध्ये. अणुबॉम्बचं काम तिथे चालू होतं, भोवती कुंपण, फाटकावर पहारेकरी. रिचर्ड फाइनमन नावाच्या तरुण भौतिकशास्त्रज्ञाला कुंपणाला पडलेलं एक भगदाड दिसलं. तो फाटकातून बाहेर पडायचा, भगदाडातून आत यायचा आणि पुन्हा फाटकातून बाहेर पडायचा. हा सारखा बाहेरच कसा जातोय, हे पहारेकऱ्याच्या ध्यानात यायला बराच वेळ लागला. सुरुवातीला कागद लाकडी कपाटांत, साध्या कुलपांत असत. मग तीन आकड्यांची डायलची कुलपं असलेली पोलादी कपाटं आली. त्यांच्या डायलवर शंभर आकडे. म्हणजे दहा लाख जोड्या झाल्या, कोण कशाला वाटेला जाईल?

फाइनमनने खेळता खेळता ताडलं, की आकडा दोन घरं इकडेतिकडे झाला तरी कुलूप चालवून घेतं. मग शंभराऐवजी वीसच जागा तपासायच्या. दहा लाखांचे आठ हजार झाले. शिवाय खण उघडा असताना नुसता टेकून गप्पा मारत डायल चाळवली, तर शेवटचे दोन आकडे हाताला लागतात. उरले फक्त वीस प्रयत्न. माणसांनी उरलंसुरलं काम सोपं करून ठेवलं होतं: एका सहकाऱ्याची नऊ कपाटं 27-18-28 या एकाच क्रमाने उघडली. गणितज्ञांच्या लाडक्या ‘ई’ या स्थिरांकाचे ते पहिले अंक.

अणुबॉम्बसाठीच युरेनियम तयार करणाऱ्या ओक रिजच्या कारखान्यातल्या एका कर्नलला फाइनमनने हा धोका करून दाखवला आणि काम चालू असताना खण उघडे ठेवू नका असं सांगितलं. कर्नलने तातडीने पत्रक काढलं. हा माणूस तुमच्या खोलीत येऊन गेला असेल तर आपापल्या कुलपाचे आकडे बदला, असा त्याचा मतलब होता. खण उघडेच राहिले. सुरक्षाखात्यांच्या स्वभावाचं याहून नेमकं चित्र माझ्या पाहण्यात नाही.

युद्धानंतर मात्र नियम कागदावर आले. 1953 साली राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या 10501 क्रमांकाच्या आदेशाने अतिगोपनीय कागदांसाठी तीन आकड्यांच्या डायलच्या कुलपाचं, सहजी हलवता येणार नाही असं पोलादी कपाट ही सर्वसाधारण अट घातली. पुढे कपाटांच्या चाचण्या ठरल्या आणि पोलादाच्या जाडीपेक्षा घड्याळाला महत्त्व आलं. किती मिनिटांत उघडतं आणि उघडल्याचं कळतं का, हे दोनच प्रश्न. डायल आपोआप फिरवून सगळे आकडे आजमावणारी यंत्रं निघाल्यावर 1989 मध्ये कुलपांचं नवं मानक आलं आणि दोनेक वर्षांत त्यात बसणारं पहिलं इलेक्ट्रॉनिक कुलूप. त्याला बॅटरी नाही, डायल फिरवली की तीच वीज तयार करते. पण मला त्यातली दुसरी सोय जास्त आवडते. मागच्या वेळेनंतर किती चुकीचे प्रयत्न झाले, हे ते कुलूप उघडणाऱ्याला दाखवतं. आजवर एकूण किती वेळा उघडलं, हा आकडाही दाखवतं आणि तो कुणाला पुसता येत नाही. काल संध्याकाळी 412 पाहिला आणि आज सकाळी 414 दिसला, तर मधला एक कुणाचा, हे विचारायला वाव राहतो.

कागदाची सोय झाली, तोवर हल्ला आवाजावर सरकला होता. 1945 साली मॉस्कोत सोव्हिएत शाळकरी मुलांनी अमेरिकन राजदूत अ‍ॅव्हरेल हॅरिमन यांना अमेरिकेची राजमुद्रा कोरलेलं लाकडी शिल्प भेट दिलं. राजदूतांच्या निवासस्थानातल्या अभ्यासिकेत ते सात वर्षं टांगलेलं होतं. आत होता लेव तेरमेन या सोव्हिएत संशोधकाने रचलेला कान: एक पातळ पडदा आणि एक छोटी अँटेना. ना तार, ना बॅटरी. बाहेरून रेडिओलहरींचा झोत सोडला की तो जागा व्हायचा, एरवी मेल्यासारखा पडून. त्यामुळे शोधाशोधीत सापडायचाच नाही. 1952 मध्ये तो हाती लागला, 1960 मध्ये अमेरिकेने तो संयुक्त राष्ट्रांत सगळ्या जगासमोर ठेवला. त्यानंतर 1964 साली वकिलातीच्या भिंती उकरल्या तेव्हा चाळीसहून अधिक मायक्रोफोन निघाले. भिंतीला कान असतात ही म्हण कुणी इतक्या शब्दशः घेतली नसेल. मग वकिलातीत खोलीच्या आत पारदर्शक प्लॅस्टिकची खोली उभी राहिली. काही लपवायला जागाच उरू नये म्हणून भिंती आरपार दिसणाऱ्या.

लहरींची गोष्ट याच्याही आधीची आहे, फक्त ती बरीच वर्षं झाकून राहिली. दुसऱ्या महायुद्धात बेल या टेलिफोन कंपनीच्या एका अभियंत्याला दिसलं, की मजकूर सांकेतिक लिपीत बदलणारं यंत्र चालू झालं की प्रयोगशाळेच्या दुसऱ्या टोकाच्या उपकरणावर टोकं उमटतात आणि त्यांतून मूळ मजकूर वाचता येतो. लष्कराचा विश्वास बसेना. तेव्हा न्यूयॉर्कच्या व्हॅरिक स्ट्रीटवर समोरच्या इमारतीत, साधारण 80 फुटांवर, बेलच्या माणसांनी उपकरण मांडलं. तासभर नोंद केली आणि तीन-चार तासांत सुमारे 75 टक्के मजकूर हातावर ठेवला. यंत्रं बदलणं परवडणारं नव्हतं, म्हणून सेनाधिकाऱ्यांना सांगण्यात आलं, की यंत्राभोवती शंभर फुटांचा घेर आपल्या ताब्यात ठेवा. युद्ध संपलं आणि हे सगळं चक्क विसरलं गेलं. 1951 मध्ये सीआयएने तोच शोध नव्याने लावला. इमारतीचं कुंपण कुठे असावं, हे पहारेकऱ्याच्या नजरेऐवजी विजेच्या गळतीवर ठरायला लागलं ते तेव्हापासून.

एवढं सगळं ठाऊक असूनही 1979 मध्ये मॉस्कोत अमेरिकेच्या नव्या वकिलातीचं काम सुरू झालं, ते सोव्हिएत मजुरांच्या हातून. काँक्रीटचे तयार तुकडे दुसरीकडे ओतले जात आणि तिथे अमेरिकन देखरेख नव्हती. व्हायचं तेच झालं. ऐकण्याची साधनं इमारतीत नंतर लपवलेली नव्हती, ती तिच्या हाडामांसातच मिसळली होती. 1985 मध्ये काम थांबवावं लागलं. पाडावी की ठेवावी यावर वॉशिंग्टनमध्ये वर्षानुवर्षं खल चालला. सोव्हिएत संघाचे शेवटचे श्वास चालू असताना, डिसेंबर 1991 मध्ये, केजीबी या सोव्हिएत हेरखात्याचे प्रमुख वादिम बकातिन यांनी आपणहून त्या यंत्रणेचे आराखडे अमेरिकन राजदूतांच्या हवाली केले. त्यांच्या देशात त्यांच्यावर देशद्रोहाचा शिक्का बसला आणि अमेरिकनांना शंका, की यांनी सगळं दिलंय कशावरून? शेवटी वरचे दोन मजले काढून त्यांच्या जागी चार नवे चढवले, तपासलेल्या अमेरिकन कामगारांनी, अमेरिकेतून नेलेल्या सामानाने. 2000 साली इमारत वापरात आली.

आजच्या नियमांत बांधकामावरची प्रकरणं इतकी लांबलचक का, याचं उत्तर या इमारतीत आहे. परदेशात अशी जागा बांधताना स्थानिक सामान घ्यायचंच झालं, तर ते दुकानातून ऐनवेळी, कुठलंही उचलून घ्यावं, कारण तुमच्यासाठी वेगळं काढून ठेवलेलं सामान विश्वासाचं नाही. बांधकामावर डोळ्यांत तेल घालून बसणारा प्रशिक्षित माणूसही नेमलेला असतो.

गोपनीय माहिती हाताळायच्या या खास खोल्यांना अमेरिकेत ‘स्किफ’ म्हणतात. आधी गुप्तचर प्रमुखांच्या निर्देशांमधून त्यांचे नियम ठरत; 26 मे 2010 रोजी निघालेल्या ‘आयसीडी 705’ या निर्देशाने त्या जुन्या निर्देशांची जागा घेतली. हेतू व्यावहारिक होता: एका खात्याने मान्य केलेली खोली दुसऱ्या खात्याने परत ठोकूनठाकून बघू नये. तपशील मात्र वाचण्यासारखे आहेत. भिंत छताच्या पॅनेलपाशी न थांबता खऱ्या स्लॅबपर्यंत गेली पाहिजे. 96 चौरस इंच, म्हणजे साधारण 620 चौरस सेंटिमीटरपेक्षा मोठं भोक असेल तर गज हवेत, कारण त्यातून माणूस शिरू शकतो. साध्या खोलीच्या भिंतीला ध्वनिरोधाचा 45 चा दर्जा लागतो: आतलं मोठ्याने बोलणं बाहेर पुसटसं ऐकू आलं तर चालेल, कळता कामा नये. ध्वनिक्षेपक असलेल्या सभागृहाला 50 चा. वातानुकूलनाच्या नळ्या हा आवाजाचा राजमार्ग, म्हणून त्यांना मुद्दाम वळणं देतात. भिंतीचा दर्जा गाठून दाराच्या फटीत हरणारे लोक पुष्कळ, असं हे काम करणारे सांगतात.

नाटो आणि युरोपीय संघाची मांडणी थोडी निराळी. नाटोत सुरक्षित जागेचे दोन वर्ग आहेत. पहिल्या वर्गात आत पाऊल टाकलं की माहिती कळलीच असं धरतात, दुसऱ्यात आतही कागद झाकलेले राहू शकतात. मला ही विभागणी जास्त शहाणपणाची वाटते, कारण ती माणसाच्या डोळ्यांपासून सुरू होते.

कागद नष्ट करण्याचा नियम तेहरानमुळे कडक झाला. 4 नोव्हेंबर 1979 रोजी तिथली अमेरिकन वकिलात इराणी आंदोलकांच्या ताब्यात गेली, तेव्हा कर्मचाऱ्यांनी कागद यंत्रात घालून त्यांच्या लांब पट्ट्या केल्या होत्या. इराण्यांनी त्या पट्ट्या चिकाटीने शेजारी शेजारी लावून पानं जुळवली आणि खंडच्या खंड छापले. आता अतिगोपनीय कागदाचा तुकडा 1 मिलिमीटर गुणिले 5 मिलिमीटरपेक्षा मोठा चालत नाही.

आणि कुंपणानेच शेत खाल्लं तर? सत्तरच्या दशकात कॅलिफोर्नियातल्या एका कंपनीच्या ‘ब्लॅक व्हॉल्ट’मध्ये ख्रिस्तोफर बॉइस हा तरुण काम करत असे. सांकेतिक कागदांचा लगदा करणाऱ्या यंत्रात तिथे कॉकटेल घुसळली जात, असं त्यानेच पुढे सांगितलं. तो उपग्रहांची गुपितं सोव्हिएत संघाला विकत होता आणि 1977 मध्ये पकडला गेला. त्या खोलीच्या भिंतींत काही खोट नव्हती.

दाराबाहेर फोन ठेवायचे खण आता सगळीकडे दिसतात. मनगटावरचं घड्याळही तिथेच काढून ठेवायचं. पण ऐकणाऱ्या वस्तूंबद्दलचा मला सर्वांत आवडणारा हुकूम जुना आहे. 1999 च्या जानेवारीत बातमी आली, की अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने ‘फर्बी’ नावाच्या केसाळ, बडबड्या खेळण्याला आपल्या आवारात बंदी घातली आहे. कर्मचाऱ्याच्या टेबलावर बसून ते ऐकलेलं लक्षात ठेवील आणि बाहेर जाऊन बोलेल, अशी भीती होती. बनवणाऱ्यांना जाहीरपणे सांगावं लागलं, की आमच्या खेळण्याला ऐकलेलं साठवताच येत नाही. दिसायला ते घुबडासारखं होतं. पोपट-मैनांच्या यादीत कौटिल्याने घुबड घातलं नव्हतं, एवढाच काय तो फरक.