भगवा या डाळिंबाच्या वाणाचं बी लावलं की भगवाच येतो का?

डाळिंबाच्या हंगामात सोलापुरात हा मेसेज फिरतोच: "गोड भगव्याचे दाणे परसात टोका, अगदी तसंच झाड येईल." पटण्यासारखं आहे, कारण मालदांडी ज्वारीचं राखलेलं बी आपण वर्षानुवर्षं पेरतो आणि मालदांडीच उगवते.

पण ज्वारीचं कणीस बहुतांशी स्वतःच्याच परागावर भरतं, म्हणून वाण टिकतो. डाळिंबाचं तसं नाही. प्रत्येक गुणाला जनुकांची जोडी असते, आणि डाळिंबात जोडीतली दोन जनुकं पुष्कळदा वेगवेगळी असतात. बीमध्ये त्यातलं एकच उतरतं, दुसरं परागातून येतं. तो पराग शेजारच्या झाडाचाही असू शकतो. ही वाटणी दाण्यागणिक नव्यानं होते. सख्खी भावंडं तरी कुठे सारखी असतात?

म्हणून तर बागायतदार गुटी बांधतात. फांदीची साल गोल काढायची, ओलं शेवाळ गुंडाळायचं, मुळं फुटली की तोडून लावायची. इथे वाटणीच नाही, झाड तेच. बियांच्या रोपांवर एकरभर बाग कृपया उभी करू नका, दोन-तीन वर्षं हातची जातात.

पडताळायचं असेल तर एकाच फळाचे दहा दाणे लावा, शेजारी एक गुटी. फळं आली की फोडून रंग, चव आणि दाण्याचा टणकपणा पाहा.