स्क्रू दोन्हीकडे असतो, शस्त्रक्रिया मात्र एक नसते

रुग्ण दुचाकीवरून पडलेला असो वा माडावरून पडलेला नारळ पाडणारा पाडेली, गोव्यात नातेवाईक एवढेच सांगतात: ‘मानेत स्क्रू घातला.’ या एका वाक्यात मानेतल्या दुसऱ्या मणक्याचा तुटलेला सुळका सावरण्याच्या दोन अगदी भिन्न शस्त्रक्रिया गुंडाळल्या जातात. त्यांतला फरक ‘पुढून की मागून’ इतकाच असतो, हा समज तर त्याहून त्रासदायक आहे.

या अस्थिभंगाचे प्रकार ठरलेले आहेत. दुसऱ्या मणक्याचा वर आलेला सुळका मुळाशी तुटला, तर १९७४ च्या अँडरसन-डी’अलोंझो वर्गीकरणानुसार तो दुसरा प्रकार होय आणि हाड न जुळण्याची भीती त्यातच अधिक असते.

जात्याचा वरचा दगड मधल्या खिळीभोवती फिरावा, तसा पहिला मणका या सुळक्याभोवती फिरतो. मान डावी-उजवीकडे वळवण्याची जवळजवळ निम्मी क्षमता याच एका सांध्यात आहे. पुढून केलेल्या शस्त्रक्रियेत दुसऱ्या मणक्याच्या खालच्या कडेतून सुळक्याच्या टोकापर्यंत एक किंवा दोन स्क्रू नेऊन तुटलेले हाड त्याच हाडाशी जोडतात, त्यामुळे सांधा फिरता राहतो. मागून केलेल्या शस्त्रक्रियेत पहिला आणि दुसरा असे दोन वेगळे मणके एकमेकांना जखडून, बहुधा हाडाचा तुकडा रोवून, कायमचे एक केले जातात. मान पूर्ण ताठ होते असे नाही, पण वळण्याची ती निम्मी क्षमता जाते, आणि दिवसभर मागची वाहने पाहत मोटारसायकल-टॅक्सी हाकणाऱ्या पायलटाला हे आधी सांगायलाच हवे.

मग सर्वांना पुढूनच का करत नाहीत, हा प्रश्न रास्त आहे. सुळक्याला मागून धरून ठेवणारा आडवा अस्थिबंध फाटलेला असेल, तर हाड जुळूनही सांधा अस्थिरच राहतो; तो शाबूत आहे की नाही हे एमआरआयवर पाहतात. भंगाची रेषा मागून पुढे खाली उतरत असेल, तर स्क्रू आवळताना तुकडा सरकतो. हाडे ठिसूळ असली किंवा भंग जुना असला, तर पुढच्या स्क्रूचा भरवसा धरता येत नाही. म्हणून वृद्ध रुग्णाबाबत ‘छेद लहान, तेव्हा पुढूनच करा’ हा आग्रह मला चुकीचा वाटतो. शिवाय पुढच्या मार्गाने वृद्धांना गिळण्याचा त्रास होण्याची शक्यता अधिक असते.

मागून करण्याच्या पद्धतीही अनेक आहेत. पहिल्या मणक्याच्या बाजूच्या भागात आणि दुसऱ्या मणक्यात वेगवेगळे स्क्रू बसवण्याची आज सर्वत्र रुळलेली पद्धत मुंबईच्या डॉ. अतुल गोयल यांनी १९९४ मध्ये मांडली. तिच्यात मणक्यालगतच्या रोहिणीला इजा होण्याचा धोका असतो, त्यामुळे तिचा मार्ग आधी सीटी स्कॅनवर नीट पाहून घ्यावा लागतो.