पेशींची पानगळ

व्हेनेटोक्लॅक्स नावाची गोळी क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णाला सुरू करताना डॉक्टर पहिल्या आठवड्यात रोज जेमतेम २० मिलिग्रॅम देतात. पुढच्या आठवड्यात ५०, मग १००, मग २००, आणि पाचव्या आठवड्यात कुठे ४०० मिलिग्रॅमचा पूर्ण डोस. कर्करोगाच्या औषधाबद्दल आपल्याला एरवी धास्ती असते ती ‘लागू पडलं नाही तर?’ याची. इथे ती नेमकी उलटी आहे. औषध एकदम फार लागू पडलं, लाखो-करोडो रोगट पेशी काही तासांत मेल्या, तर त्यांच्यातलं पोटॅशियम, फॉस्फेट आणि यूरिक आम्ल रक्तात उतरतं आणि मूत्रपिंडं कोलमडतात. पहिल्या चाचणीत डोस वाढवत नेलेल्या ५६ रुग्णांपैकी तिघांना हा त्रास झाला, आणि त्यातला एक दगावला. चढत्या पायरीचं हे वेळापत्रक त्यानंतर अधिकच सावधपणे आखलं गेलं.

ही गोळी पेशीला विष घालत नाही. मरण्याची तयारी करून बसलेल्या पेशीचा अडवलेला रस्ता तेवढा मोकळा करते. पेशी ‘मरण्याची तयारी’ करते, हे मान्य व्हायलाच खूप वर्षं गेली.

बेडूकमासा बेडूक होतो तेव्हा त्याची शेपटी जाते, गर्भाच्या बोटांमधला पडदा विरतो, हे जुन्या अभ्यासकांना दिसत होतंच. टोडच्या वाढीत पेशी मरतात, अशी नोंद कार्ल फोग्ट यांनी १८४२ मध्ये केली होती. पण मरण म्हणजे अपघात, अशीच सगळ्यांची समजूत. ‘प्रोग्रॅम्ड सेल डेथ’, म्हणजे ठरवून येणारा पेशीमृत्यू, हा शब्दप्रयोग १९६० च्या दशकाच्या मध्यात रिचर्ड लॉकशिन आणि कॅरोल विल्यम्स यांनी रेशमी पतंगाच्या स्नायूंवरच्या कामात रूढ केला.

त्याच सुमारास जॉन केर हे ऑस्ट्रेलियन पॅथॉलॉजिस्ट उंदराच्या यकृताकडे जाणारी रक्तवाहिनी बांधून काय होतं ते बघत होते. काही पेशी अपेक्षेप्रमाणे फुगून फुटल्या. पण इतर काही पेशी अंग चोरून आक्रसल्या, त्यांचे नीटस पुडके झाले आणि शेजारच्या पेशींनी ते गिळून टाकले. सूज नाही, आरडाओरडा नाही. पुढे ॲबरडीनला केर, अँड्र्यू वायली आणि ॲलॅस्टर करी यांनी १९७२ मध्ये यावर निबंध लिहिला, आणि तिथले ग्रीकचे प्राध्यापक जेम्स कॉर्मॅक यांच्या सल्ल्याने नाव दिलं ॲपॉप्टॉसिस. मूळ ग्रीक अर्थ पानं किंवा पाकळ्या गळून पडणं. मराठीत त्याला ‘नियोजित पेशीमृत्यू’ म्हणतात. नाव अचूक आहे, पण सरकारी परिपत्रकासारखं वाटतं. आपल्याकडे ‘पानगळ’ हा शब्द तयारच आहे, आणि तो जास्त चपखल बसतो. पान वाऱ्याने तुटत नाही. झाड देठाशी एक थर तयार करून त्याला आधीच सोडून देतं, वारा फक्त निमित्त.

तो निबंध पुढची दहा-बारा वर्षं जवळपास पडूनच राहिला.

दरम्यान कर्करोगाच्या संशोधनाला जनुकांचा नाद लागला होता. मेलबर्नच्या वॉल्टर अँड एलायझा हॉल इन्स्टिट्यूटमध्ये सुझान कोरी आणि त्यांचे पती जेरी ॲडम्स यांची प्रयोगशाळा होती. मेलबर्नमध्येच जन्मलेल्या कोरी केंब्रिजला पीएचडीसाठी गेल्या, तिथेच अमेरिकन ॲडम्स भेटले आणि १९७१ मध्ये दोघं मेलबर्नला आले. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्या आणि इतर काही गटांनी दाखवलं की बर्किट लिम्फोमात, म्हणजे पांढऱ्या रक्तपेशींच्या एका कर्करोगात, मिक हे जनुक आपली जागा सोडून प्रतिपिंडाच्या जनुकाशेजारी जाऊन बसतं आणि पेशीला सतत ‘विभाजित हो’ असं सांगत सुटतं. कर्करोग म्हणजे ॲक्सिलरेटर अडकलेली गाडी, हे चित्र यातूनच पक्कं झालं.

मग आलं बीसीएल-२. फिलाडेल्फियात योशिहिदे त्सुजिमोतो आणि कार्लो क्रोचे यांनी १९८४-८५ मध्ये ते शोधलं. फॉलिक्युलर लिम्फोमात १४ व्या आणि १८ व्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होतात, त्या सांध्यावर हे जनुक होतं. ‘बी-सेल लिम्फोमा २’ एवढाच नावाचा अर्थ. हेही ॲक्सिलरेटरच असणार, असा सगळ्यांचा कयास. पण ठरीव चाचण्यांत ते पेशींना वाढायला लावेना. ओळखीच्या कुठल्याही जनुकाशी त्याचं साम्यही नव्हतं.

कोरी-ॲडम्स यांच्याकडे पीएचडी करणाऱ्या डेव्हिड वॉक्स यांनी हे जनुक उंदराच्या अस्थिमज्जेतून आलेल्या पेशींत घातलं. या पेशी परावलंबी. बशीत इंटरल्यूकिन-३ हे त्यांना जगवणारं प्रथिन असेल तोवर जगणार, ते काढून घेतलं की एक-दोन दिवसांत मरणार. वॉक्स यांनी ते काढून घेतलं. बीसीएल-२ असलेल्या पेशी वाढल्या नाहीत. पण मेल्याही नाहीत. नुसत्या बसून राहिल्या. बशीत काहीच घडत नव्हतं, आणि शोध तोच होता. एखाद्या घाईतल्या विद्यार्थ्याने ‘वाढ शून्य’ असं वहीत लिहून बशी फेकून दिली असती, असं मला राहून राहून वाटतं.

१९८८ मध्ये वॉक्स, कोरी आणि ॲडम्स यांचा निबंध ‘नेचर’मध्ये आला. मिक आणि बीसीएल-२ एकत्र आले की काय होतं, हेही त्यात होतं. एक विभाजनाला ढकलतं, दुसरं मरू देत नाही. मिक एकटं असलं तर पेशीला ढकलता ढकलता मरणाकडेही नेतं, ती वाट बीसीएल-२ बंद करतं. १९९० मध्ये अँड्रियास श्ट्रासर आणि सहकाऱ्यांनी दोन्ही जनुकं असलेले उंदीर जन्माला घातले, आणि त्यांना फार झपाट्याने गाठी झाल्या.

पण हा सगळा मामला लिम्फोमापुरताच नव्हता. सिनोऱ्हाब्डायटिस एलेगन्स या मिलिमीटरभर लांब अळीच्या वाढीत १,०९० शरीरपेशी तयार होतात आणि त्यातल्या नेमक्या १३१ मरतात, दर वेळी त्याच. रॉबर्ट हॉर्विट्झ यांच्या गटाने हे मरण घडवणारी जनुकं शोधली आणि ते थांबवणारं सेड-९ ही. १९९२ मध्ये वॉक्स आणि सहकाऱ्यांनी माणसाचं बीसीएल-२ त्या अळीत घातलं, तर मरू घातलेल्या काही पेशी वाचल्या. अळी आणि माणूस, मध्ये कोट्यवधी वर्षांचं अंतर, पण कुलूप तेच! सिडनी ब्रेनर, हॉर्विट्झ आणि जॉन सल्स्टन यांना २००२ चं नोबेल मिळालं ते याच अळीच्या कामासाठी.

कुलूप सापडलं, किल्ली मिळायला वेळ लागला. बीसीएल-२ जनुकापासून बनणारं त्याच नावाचं प्रथिन पेशीला मारणाऱ्या प्रथिनांना आपल्या अंगावरच्या खोबणीत धरून ठेवतं. या खोबणीत बसेल असा लहान रेणू बनवणं औषध कंपन्यांना अशक्यप्राय वाटे. ॲबट कंपनीत स्टीव्ह फेसिक यांच्या गटाने ते जमवलं आणि २००५ मध्ये पहिला रेणू जाहीर झाला. त्याचा वारसदार, नॅव्हिटोक्लॅक्स, रुग्णांवर चालला, पण प्लेटलेट्स भराभर घसरू लागल्या. कारण मेलबर्नच्याच संस्थेतून २००७ मध्ये आलेल्या कामात सापडतं: प्लेटलेट किती दिवस जगणार, हे बीसीएल-एक्सएल हे बीसीएल-२ चं भावंड ठरवतं, आणि औषध त्यालाही पकडत होतं. म्हणून रसायनतज्ज्ञांनी रेणू असा घडवला की तो फक्त बीसीएल-२ ला पकडेल. तोच व्हेनेटोक्लॅक्स. २०१६ च्या जानेवारीत प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ११६ रुग्णांपैकी ७९ टक्क्यांना फरक पडला, आणि एप्रिलमध्ये अमेरिकेत औषधाला मंजुरी मिळाली. वॉक्स यांच्या बशीपासून २८ वर्षांनी.

२०१९ मध्ये मेलबर्नच्या डॉक्टरांनी दाखवलं की काही रुग्णांत दीड-दोन वर्षांनी किंवा त्याहून उशिरा रोग परततो, तेव्हा बीसीएल-२ मध्ये १०१ व्या जागी एकच अमिनो आम्ल, म्हणजे प्रथिनाच्या साखळीतला एकच दुवा, बदललेलं असतं. ग्लायसिनच्या जागी व्हॅलिन. एवढ्याने औषधाची पकड सुमारे १८० पट ढिली होते. खोबणी तीच असते, पेशीला वाचवायचं काम ती करतच राहते, गोळी मात्र तिच्यात नीट बसत नाही.