सांगली–मिरज रस्ता : वाटणीपासून विजयनगरपर्यंत

सांगलीच्या स्टेशन चौकातून मिरजेकडे निघालं की मार्केट यार्ड, विश्रामबाग, विजयनगर, वानलेसवाडी, कृपामयी असे थांबे येतात आणि पुढे मिशन हॉस्पिटलपाशी आपण मिरजेत असतो. आठ-दहा किलोमीटरच्या या वाटेवर एक गाव कुठं संपतं आणि दुसरं कुठं सुरू होतं, हे आज नवख्याला कळत नाही. १९९८ साली सांगली, मिरज आणि कुपवाडची मिळून एक महानगरपालिका झाली. त्याच्या कितीतरी आधी या रस्त्यानं दोन्ही गावं जोडायला घेतली होती.

मुळात ती दोन झाली घरच्या भांडणातून. काका गंगाधररावांशी वाटणी करून चिंतामणराव पटवर्धन १८०१ साली मिरजेतून बाहेर पडले आणि त्यांनी कृष्णाकाठच्या सांगलीत आपली गादी मांडली. पुढं १९४८ मध्ये संस्थानं विलीन होईपर्यंत एका टोकाला एक दरबार आणि दुसऱ्या टोकाला दुसरा, असंच चाललं. मिरजेला रेल्वेचं मोठं जंक्शन झालं. सांगलीला स्वतःचा फाटा १९०७ मध्ये मिळाला.

मधली जागा भरली ती आधी शाळा-दवाखान्यांनी, आणि मला या रस्त्याचं खरं मोठेपण त्यातच दिसतं. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत मिशनचं हॉस्पिटल उभं केलं. क्षयरोग्यांना वस्तीपासून दूर, मोकळी हवा हवी, म्हणून त्यांच्यासाठी याच वाटेवर आरोग्यधाम झालं. वानलेसवाडी हे नाव त्यांचंच. १९१९ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटीनं विलिंग्डन कॉलेज काढलं, तेही ना सांगलीच्या पेठेत ना मिरजेच्या, तर मधोमध विश्रामबागला. दोन्हीकडची मुलं एकाच वर्गात बसू लागली. १९४७ मध्ये शेजारीच इंजिनिअरिंग कॉलेज आलं, आजचं वालचंद. मग प्राध्यापकांची बिऱ्हाडं, खानावळी, खोल्या भाड्यानं देणारी घरं असं करत वस्ती आपोआप रस्त्याला लागली.



यात कृष्णामाईचाही हात आहे. जुनी सांगली नदीला खेटून, सखल भागात वसलेली. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाण्याची पातळी वाढत गेली, तशी गावभागातली, मारुती चौकातली माणसं पोराबाळांना घेऊन विश्रामबाग-विजयनगरकडच्या नातेवाइकांकडं सरकली. पाणी उतरल्यावर बरेच जण परतले. पण नवं घर बांधायचं झालं, की प्लॉट याच बाजूला बघतात. जिल्हाधिकारी कार्यालयही राजवाड्यातून विजयनगरला आलं. चिंतामणरावांचं गणपती मंदिर मात्र कृष्णेकाठी आहे तिथंच आहे, आणि संकष्टीला विजयनगरची माणसं हाच रस्ता उलटा धरून तिकडं जातात.