डबी वाजते म्हणून गोळी चुकते

एआरटी सेंटरवर (एचआयव्हीची औषधं मोफत मिळतात ते सरकारी केंद्र) सिस्टर म्हणून काम करताना मला सगळ्यात जास्त कोणी शिकवलं असेल तर एका आवाजाने. गोळ्यांच्या डबीच्या खुळखुळाटाने. महिन्याच्या 30 गोळ्या प्लास्टिकच्या डबीत मिळतात, ती पर्समध्ये टाकली की लोकलच्या प्रत्येक झटक्याला वाजते, आणि शेजारची बाई सहज जरी म्हणाली "काय गं, कसल्या गोळ्या?" तरी आमच्या पेशंटच्या छातीत धस्स होतं.

लालबागची एक ताई होती (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). एक खोली, त्यात सासू-सासरे, दीर, दोन मुलं. डबी वाजते म्हणून तिने गोळ्या काढून हळदीकुंकवाच्या रिकाम्या डबीत भरल्या, महिना जुलैचा, आठवड्याभरात गोळ्या दमट होऊन एकमेकींना चिकटल्या, तिला वाटलं औषध खराब झालं, आणि भीतीने कोणाला विचारलंही नाही, सरळ 15 दिवस बंद. मूळ डबीत ओल शोषणारी छोटी पुडी असते ती याचसाठी, हे तिला माहीत नव्हतं. कसं असणार? आम्ही गोळी कधी घ्यायची ते सांगितलं होतं, डबी घरात कुठे ठेवणार हे विचारलंच नव्हतं. चूक आमची.

तर आता गोळीबद्दल. सध्या मोठ्या माणसांना बहुतेक वेळा जी पहिली गोळी सुरू होते तिला सगळे टीएलडी म्हणतात, टेनोफोविर 300 मिलिग्रॅम, लॅमिवुडिन 300 आणि डोल्युटेग्राविर 50, तिन्ही एकाच गोळीत, दिवसातून एकदा. एचआयव्हीचा विषाणू आपल्या रोगांशी लढणाऱ्या सीडी4 पेशीत शिरतो (पेशंट नुसतं "पेशी किती आल्या?" असं विचारतात) आणि स्वतःच्या आरएनएची डीएनएमध्ये नक्कल करतो. ही नक्कल म्हणजे मण्यांची माळ ओवण्यासारखं काम. टेनोफोविर आणि लॅमिवुडिन हे खोटे मणी, एका बाजूने भोक आहे पण आरपार नाही, त्यामुळे असा मणी माळेत गेला की दोरा पुढे जातच नाही, माळ तिथेच थांबते. यातूनही एखादी माळ पूर्ण झालीच तर ती आपल्या पेशीच्या डीएनएमध्ये घुसवायचं काम विषाणूचं एक एन्झाइम करतं, त्याला डोल्युटेग्राविर अडवतं. म्हणजे परक्या माणसाने आपल्या रेशनकार्डात नाव घुसवायचा प्रयत्न करावा आणि खिडकीवरच त्याचा फॉर्म परत जावा, तसं.

रोज का घ्यायची, तब्येत बरी आहे तरी का, हा प्रश्न सगळ्यांचाच. उपचार नसतील तर शरीरात रोज अब्जावधी नवे विषाणू तयार होतात, नक्कल करताना ते सतत चुका करतात, आणि त्यातली एखादी चूक नेमकी अशी असते की औषध तिच्यावर चालत नाही. रक्तात औषध पुरेसं असेल तर त्या चुकलेल्या विषाणूलाही वाढायला जागा मिळत नाही. मी पिंपाचं उदाहरण देते. चाळीत पाणी ठरलेल्या वेळेला येतं, रोज पिंप भरलं तर दुसऱ्या दिवसापर्यंत पुरतं, एक दिवस पाणी गेलं तर पातळी खाली जाते, दोन-तीन दिवस गेलं तर तळ दिसतो. डोल्युटेग्राविरची रक्तातली पातळी साधारण 14 तासांत निम्मी होते. म्हणून गाडी लेट झाली, गोळी तासभर उशिरा घेतली, तर जीव घाबरा करून घेऊ नका, पण "उद्या घेऊ" असं आठवड्यातून दोनदा झालं तर मात्र विषाणूला आपण स्वतः दार उघडून देतोय. सेंटरवर आम्ही उरलेल्या गोळ्या मोजतो त्या यासाठीच, घेतलेल्या गोळ्यांचं प्रमाण 95 टक्क्यांच्या वर हवं असतं, म्हणजे महिन्यात दोन गोळ्या चुकल्या तरी हिशोब खाली येतो. चुकली तर आठवेल तेव्हा घ्यायची, पुढच्या गोळीची वेळ अगदी जवळ आली असेल तर ती एकच घ्यायची, डबल अजिबात नाही.

आता माझा आवडता विषय, अ‍ॅसिडिटी. मुंबईत ही कोणाला नाही? स्टेशनवर वडापाव, ऑफिसात चौथा चहा, आणि बॅगेत गुलाबी औषधाची बाटली. त्या औषधात बहुतेक वेळा अ‍ॅल्युमिनियम किंवा मॅग्नेशियम असतं, आणि डोल्युटेग्राविर पोटात या धातूंना चिकटून बसतं, रक्तात जायचं ते तसंच आतड्यातून पुढे निघून जातं. पेशंट शपथेवर सांगतो की सिस्टर एकही गोळी चुकली नाही, आणि तो खरंच बोलत असतो! म्हणून गोळी आधी घ्यायची आणि अ‍ॅसिडिटीचं औषध निदान 2 तासांनी, किंवा ते आधी घेतलं असेल तर मध्ये 6 तास जाऊ द्यायचे. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्यांनाही हेच लागू, फक्त त्या जेवणासोबत घेतल्या तर टीएलडीबरोबर चालतात. गरोदर बायकांना तर लोह-कॅल्शियम रोजच असतं, त्यामुळे त्यांना हे मी दोनदा सांगते.

सांगते म्हणजे काय, त्यांच्याकडून वदवून घेते. "समजलं का?" विचारलं तर आपल्याकडे सगळे "हो" म्हणतात. त्यापेक्षा "काका, आता घरी गेल्यावर काय करणार ते मला सांगा" म्हटलं की खरं बाहेर येतं. एका वॉचमन काकांनी मला सांगितलं, "रात्री जेवल्यावर घेणार." नाइट शिफ्टला रात्रीचं जेवण कधी? कधी आठला, कधी दोनला, कधी नाहीच. मग आम्ही वेळ बदलून सकाळी ड्युटी सुटल्यावरच्या चहाबरोबर लावली. ही गोळी जेवणाआधी-जेवणानंतर कशीही चालते, हा तिचा मोठा गुण. काहींची झोप उडते, त्यांना सकाळचीच वेळ बरी पडते. थोडं डोकं दुखणं, मळमळणं सुरुवातीला होतं आणि बहुतेकांचं जातं, वजन मात्र काहींचं वाढतं, आणि टेनोफोविरमुळे किडनीच्या तपासण्या टाळायच्या नाहीत.

प्रत्येक खेपेला चार प्रश्न ठरलेले: खोकला, ताप, वजन घटणं, रात्रीचा घाम. टीबीचा शोध. टीबीच्या औषधांतलं रिफॅम्पिसिन डोल्युटेग्राविरची पातळी पाडतं, म्हणून तेव्हा 50 मिलिग्रॅम डोल्युटेग्राविरची आणखी एक गोळी 12 तासांनी द्यावी लागते. दुसऱ्या डॉक्टरकडे गेलात तर कोणतं औषध चालू आहे ते सांगा, हे मी म्हणते तेव्हा लोक घाबरतात. 2017 चा एचआयव्ही कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे, एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारता येत नाहीत, आणि तुमच्या संमतीशिवाय हे कोणाला सांगताही येत नाही (कायद्याने ठरवलेले मोजके अपवाद सोडले तर).

सेंटरवरच्या नवीन मुलींना कधीकधी जुनं सांगते. 2001 साली आपल्या मुंबईच्याच सिप्ला कंपनीने एचआयव्हीची तीन औषधं वर्षाला 350 डॉलरला द्यायची तयारी दाखवली, तेव्हा परदेशी कंपन्यांचा भाव 10,000 डॉलरच्या वर होता. सरकारी मोफत एआरटी 1 एप्रिल 2004 ला देशभरात फक्त 8 हॉस्पिटलांत सुरू झाली, त्यातलं एक आपलं जेजे.

लालबागच्या ताईकडे परत येते. आम्ही तिला मूळ डबीतच गोळ्या ठेवायला सांगितल्या, वर कोरड्या कापसाचा बोळा, पावसाळ्यात तो बदलत राहायचा, आतली पुडी काढायची नाही. आवाज बंद. डबी शिलाईच्या पिशवीत, कारण तिला घरात दुसरं कोणी हात लावत नाही, ही आयडिया तिचीच. सहा महिन्यांनी व्हायरल लोडमध्ये (रक्तात विषाणू किती आहे ते मोजणारी तपासणी) विषाणू सापडलाच नाही. असं टिकून राहिलं तर शारीरिक संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही, हे ऐकून ती बराच वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "मग आता बंद करू?"

नाही. रेशनकार्डात आधीच घुसलेली काही नावं आहेत, काही पेशींमध्ये विषाणू गुपचूप झोपून आहे, औषध त्याला खोडून काढू शकत नाही, गोळी थांबली की काही आठवड्यांत तो परत उठतो. तिने मान हलवली. मी म्हटलं, नुसती मान नको, बोलून दाखव. तिने सगळं बरोबर सांगितलं, पिंपासकट.

पुढची तारीख नेमकी गणपतीत येत होती आणि ती गावाला देवगडला जाणार होती, म्हणून आठ दिवस अलीकडची दिली.